पणजीच्या माहेरची टोपली

माझी शाळा दुसरीपर्यंत. मावसभाऊ मास्तर होऊन रिटायर झाला. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण डहाणूच्या बाजारात लोक आधी त्याला नमस्कार करतात, मग मला विचारतात, जेवलात का. हे मी बरीच वर्षं गिळलं.

मग त्यानं आईकडची वंशावळ काढायला घेतली. वडिलांकडची कुणीही काढतं, म्हणाला, आपण बायकांची काढू. आमच्या आया, त्यांची आई, तिची आई म्हणजे आमची पणजी. शाळेची जुनी रजिस्टरं, तलाठ्याकडचे फेरफार, सगळं चाळलं. भिंतीएवढा कागद केला, त्यावर मोत्यासारखं अक्षर. नरपडला त्याच्या घरी येईल तो माणूस कागदापुढे उभा राहायचा. मला तो कागद बघवत नव्हता.

पणजीची चौकट तेवढी रिकामी होती. कागदोपत्री ती नुसती कुणाची तरी बायको.

"दादा, तिचं नाव काय होतं रे?"

"मी अडाणी माणूस. तुझ्या कागदाला विचार."

नाव मला ठाऊक होतं. पणजी तलासरीकडच्या पाड्यातली. मासळी सुकवायच्या कामाला किनाऱ्यावर नरपडला आली ती इथंच नांदली. दर उन्हाळ्यात माझी आई सुक्या बोंबलांची टोपली घेऊन पणजीच्या माहेरी जायची, सोबत मी. उंबऱ्याशी थांबून आई पणजीचं नाव घ्यायची, मगच टोपली खाली ठेवायची. टोपली नागलीनं भरून परत मिळायची. आई गेली आणि ते जाणंयेणं बंद पडलं. एका लग्नात मीच फुशारकीनं हे सगळं मास्तरला सांगितलं होतं. नाव मात्र सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी एकटाच पाड्यावर गेलो. म्हटलं, पणजीच्या आईचं नाव काढून आणतो, मास्तरच्या कागदावर नाही असं. एसटीत बोंबलांचा वास नको म्हणून घोलवडच्या चिकूंची पेटी घेतली, भारीतली.

पणजीच्या भावाची नात अंगणात सुपानं नागली पाखडत होती. माझ्याच वयाची.

"नरपडहून आलो. तुमच्या घरची मुलगी आमच्याकडे दिलेली," मी म्हटलं.

तिनं पेटीकडे पाहिलं. "नरपडचे आमच्याकडे चिकू आणत नाहीत. आमचा भाऊ येऊन गेला दिवाळीनंतर, त्यानं बोंबील आणले. मास्तर आहे तो. जुनी नावं विचारत होता, पण इथं आता कुणाला आठवत नाहीत."

पणजीचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. हातात चिकूची पेटी धरून ते घ्यावंसं वाटेना.

आत जाऊन तिनं भरलेली टोपली आणली. "त्याची आहे. तेव्हा नागली झोडायची होती. तुम्ही तिकडचेच ना, देऊन टाका त्याला."

तलासरीपासून नरपडपर्यंत ती टोपली मांडीवर घेऊन आलो. त्याच्या ओट्यावर ठेवली.

"तुझी आहे," मी म्हटलं.

टोपली बघून तो सगळं समजला. हसला नाही. हसला असता तर मी तसाच घरी गेलो असतो. आतून पेन आणून त्यानं माझ्यापुढे धरलं. "दादा, आता तू गेलास की ते नावही गेलं."

आत जाऊन पणजीच्या चौकटीत मी नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, शेवटचं तर चौकटीबाहेर गेलं.

"नीट करून घेतो नंतर," तो म्हणाला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं.