गिरणीत करंजाचं तेल

"तेल ते तेल, त्यात काय एवढं?" असं कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. मी नगरच्या कॉलेजात बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय. आणि हे म्हणणारा माणूस घरचाच निघाला, माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. थ्री-फेज लाइटचा भरवसा नाही, म्हणून गिरणी अजूनही बऱ्याचदा डिझेल इंजिनावर चालते. पत्र्याची बारकी खोली, कोपऱ्यात इंजिन, आणि धूर बाहेर कमी, आतच जास्त.

गेल्या वर्षी दादांना चार पावलं चाललं तरी दम लागायला लागला. नगरला सावेडीत माझ्या घराजवळच्या डॉक्टरांनी छाती तपासून स्पष्टच सांगितलं, धुरात बसणं बंद करा, नाहीतर पुढं अवघड आहे. दादा म्हणाले, "गिरनी बंद करून घरात बसलो तर आठ दिसात मरंन. त्यापरीस दम लागल्याला बरा." आई रडायला लागली. मला रडू येत नाही, राग येतो. म्हटलं, "गिरणी चालेल आणि धूरही कमी होईल. मी बघते."

आमच्या बांधावर करंजाची झाडं आहेत. त्यांच्या बियांचं तेल घाण्यावरून काढून आणलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यात मेथॅनॉल आणि कॉस्टिक पोटॅश घालून तापवलं. खाली ग्लिसरीन बसलं, वर मधाच्या रंगाचं इंधन आलं, म्हणजे बायोडिझेल. ते धुऊन, वाळवून कॅन भरले आणि गाडीत टाकून गावी नेले.

मग घेतली परीक्षा. तेच इंजिन, तीच बाजरी, आधी पाच लिटर डिझेल, मग पाच लिटर करंज. करंजावर दीड डबा कमी दळून झाला. दादांना काय आनंद! "हरलं गं तुझं झाड!" मी मान्य केलं. लिटरमागं करंजात ताकद कमीच असते, लपवायचं काय त्यात? पण मी धुराच्या नळकांड्यापुढं दोन पांढरे रुमालही धरले होते. डिझेलचा रुमाल काजळासारखा काळा, करंजाचा नुसता मळका. दळणाला आलेल्या बाया म्हणाल्या, "अगं बाई, भज्यांचा वास येतोय!"

मी समजावून सांगितलं. करंजाच्या इंधनात स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून ते नीट जळतं, काजळी कमी पडते. कार्बन डायऑक्साइड दोन्हींतून निघतो, पण करंजाचा झाडानं हवेतूनच घेतलेला असतो. डिझेलचा जमिनीत गाडलेला, तो आपण उकरून काढतो. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र करंजाचे जरा जास्तच, हेही बोलून टाकलं. आई वैतागली. "ते डबे अन् ऑक्साइड ऱ्हाऊ दे. काळं कमी हाय ना? मग झालं." आईपुढं कुणाचं चालतंय! टाकीत करंज पडलं.

तिसऱ्या दिवशी, दळणाची रांग लागलेली असताना, इंजिन दोन-तीनदा खोकलं आणि बंद पडलं. दादा भर रांगेत माझ्यावर कडाडले, "मारलंस माझं इंजिन! शिकली म्हंजी शानी झाली व्हय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड गप्प बसेना. "आधी उघडून बघू, मग बोला," म्हटलं आणि पारनेरहून मेकॅनिक बोलावला.

त्यानं फिल्टर काढला. डांबर फासल्यासारखा तो काळा झाला होता. "ताई, ही घान तुमच्या तेलाची न्हाई," तो म्हणाला. "वरसानुवरसं डिझेलचा गाळ टाकीत बसल्याला. तुमच्या तेलानं खरवडून काडला, अन् तो हितं तुंबला." मी कपाळावर हात मारला. करंजाचं इंधन जुना गाळ सोडवतं, म्हणून आधी टाकी धुवायची आणि फिल्टर बदलायचा. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते, आणि घरच्या इंजिनापाशी साफ विसरले. "चूक माझीच," मी सगळ्यांदेखत सांगितलं.

दादांनी ऐकलंच नाही. त्यांनी तो फिल्टर हातात घेतला. अंगठ्यानं पुसायला गेले, तर अंगठाच काळा झाला.

"हे समदं ह्या येवढ्याशा टाकीत साठल्यालं?"

"हो, दादा."

त्यांनी तोच हात छातीवर ठेवला. सदऱ्यावर काळा डाग पडला. "ह्याला नवा फिल्टर पारनेरात मिळंल," ते म्हणाले. "मला कुठं मिळनार?"

माझ्याकडं सगळ्याची उत्तरं असतात. पण इथं खोटं बोलायचं नव्हतं. "कुठंच नाही, दादा," मी म्हटलं. "आहे तोच जपायचा. करंजाचा झाला म्हणून धूर काही औषध होत नाही."

मेकॅनिकनं टाकी धुतली, नवा फिल्टर बसवला आणि हँडलला हात घातला. दादांनी त्याला थांबवलं. बाजरीचा भरलेला डबा उचलून त्यांनी शेजारी उभ्या आईच्या हातात दिला. "आता गिरनी तू बघ," म्हणाले, आणि गिरणी सुरू व्हायच्या आधी बाहेर जाऊन बसले.