घरघर गेली, तडतड राहिली

बाबांनी तरुणपणी स्वतः बांधलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर गेल्या हिवाळ्यात घरघरायला लागला. बाबा शाळेत गणित शिकवायचे. हे यंत्र म्हणजे त्यांची हौस. मी बँकेतून आले की आम्ही दोघं चहा घेत रेकॉर्ड ऐकतो. त्या घरघरीत गाणं ऐकवेना.

रविवारी सकाळी ते दुरुस्तीला बसले. आवाज पार कमी केला तरी घरघर तेवढीच.

"म्हणजे पॉवर सप्लायमधून येऊन राहिली. कपॅसिटर गेला असंल," बाबा म्हणाले.

प्लग काढून त्यांनी अँप्लिफायर टेबलावर उलटा केला. मी आत बोट दाखवायला गेले तर ओरडले, "अगं, रुक! बंद केला तरी आत करंट साठून राहतो."

तो त्यांनी आधी उतरवला, मीटर लावून खात्री केली, मगच जुना कपॅसिटर काढला. घमापुरातल्या दुकानातून मी नवा आणला. तो बसवल्यावर घरघर थांबली.

"चलो, साफ झाला!"

"बाबा, अजून आवाज येतोय. लांबून मोहरी तडतडावी तसा, बारीक."

"कुठे? काहीच नाही."

त्यांनी एक कान स्पीकरला लावला, मग दुसरा. बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. नसेल, मलाच भास झाला असेल, असं म्हणून टाकावंसं वाटलं.

"काहून अशी पाहून राहिलीस?" ते सरळ होत म्हणाले. "मला नाही येऊन राहिला ऐकू. तू ऐक, मी काढतो."

पहिला व्हॉल्व्ह काढल्यावर तडतड थांबली. त्याच्या जागी दुसरा लावला, तर पुन्हा सुरू. "मग व्हॉल्व्ह चांगला आहे, त्याच्याजवळचा रेझिस्टर खराब," बाबा म्हणाले. प्लग काढून, मीटर लावून त्यांनी तो बदलला.

"गेला?"

"गेला."

"पक्कं?"

"पक्कं, बाबा."

त्यांनी पुन्हा कान लावून पाहिला नाही. माझ्या शब्दावर झाकण बसवून स्क्रू आवळले.

पुढच्या आठवड्यात स्वतःच म्हणाले, "कान दाखवून येऊ." डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयानं बारीक आवाज आधी जातात, कानाचं यंत्र लावा. बाबांनी तपासणीचा आलेख मागून घेतला आणि कुठल्या आवाजापासून रेषा खाली उतरते ते मलाच समजावून सांगितलं. यंत्र घ्यायला मात्र ते होळी उलटल्यावरच तयार झाले.