गरम पडणारी गोळी

माझ्या तोंडाची काळजी माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त आहे, हे मला लेकीचं लग्न ठरल्यावर कळलं. तोवर मी समजत होते, तोंड माझं आहे.

मला संधिवात आहे. गुडघे चोळत पारावर बसून ज्याच्या गप्पा मारतात तो नव्हे. माझा बोटांच्या पेरांना धरणारा, सकाळी उठल्यावर दीड-दीड तास मूठ उघडू न देणारा. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड म्हणतात. आमच्या घोडेगावात त्याला नुसतं ‘वात’ म्हणतात, आणि वातावर प्रत्येक घरात एक तरी वैद्य असतोच. नगरचे डॉक्टर मात्र दर खेपेला एकच सांगायचे: आठवड्यातून एकदा, रविवारी, ही छोटी गोळी, आणि ती चुकवायची नाही. पाच वर्षं मी ती चुकवली नव्हती. त्या गोळीच्या जिवावर मी भाकरी थापत होते, साडी नेसत होते आणि चार गाईंचा गोठा सांभाळणाऱ्या नवऱ्याशी भांडतही होते.

दुखण्याच्या जोडीला तोंड कोरडं. डॉक्टर म्हणाले, या आजारात काही जणांची कातडी कोरडी पडते, त्यात थंडी. गालांवर पापुद्रे, नाकाच्या कडेला भेगा, हसलं की ओढ बसायची. म्हणून मी हसणं कमी केलं. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘हिला राग आलाय’ असा काढला. खरं सांगायचं तर बऱ्याचदा तो बरोबरच असायचा.

लग्न माघातलं ठरलं. आमच्याकडे कन्यादानाला बाप ओंजळ धरतो आणि आई वरून झारीनं पाण्याची धार सोडते. धार मध्ये तुटू द्यायची नाही. बैठकीत भावकीतल्या कुणीतरी विषय काढलाच. ‘‘हिच्या हाताला झारी पेलायची न्हाई. चुलतीला उभं करा.’’ लेक आत चहा गाळत होती. ती गाळणं हातात घेऊनच बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘पाणी आईच सोडणार. नाहीतर मी बोहल्यावर चढणार नाही.’’ गाळण्यातून चहा टपटप सतरंजीवर पडत होता, आणि चुलतीचं नाव तिथंच मागे पडलं.

त्या दिवसापासून मी रोज मोरीत तांब्या घेऊन सराव केला. आधी अर्धा तांब्या, मग पाऊण. धार बादलीत सोडायची आणि मनात मोजायचं. मार्गशीर्ष संपता संपता भरला तांब्या मला पेलायला लागला आणि मला इतका आनंद झाला की मी तशीच ओल्या हातांनी गोठ्यात जाऊन ह्यांना सांगितलं. त्या लग्नात मला दुसरं काही नको होतं. शालू नको, मानपान नको. लेकीनं चारचौघांत माझ्या हातांवर भरवसा टाकला होता, तेवढा खरा व्हावा.

तेवढ्यात वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, मिरजगावला दिलेली. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे लग्नाची काळजी करायला बायकांना वेळच वेळ असतो. त्यांनी उंबऱ्यातच पिशवी टाकली आणि तोंडावर हात घेतला.

‘‘अगं बया! वैनी, तोंडाचं काय करून घेतलंय हे? तुमच्या शेजारी उभं राहून आमाला फोटो काढायचेत!’’

म्हणजे प्रश्न माझ्या कातडीचा नव्हताच, त्यांच्या फोटोचा होता. त्याच दुपारी बेसनात लिंबू पिळून माझ्या तोंडाला थापलं गेलं. भेगांत लिंबू शिरल्यावर माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते अंगणवाडीत शिकवलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुधाची साय झाली. ती लावून डोळे मिटून पडले तर मांजर छातीवर येऊन बसलं. तिसऱ्या दिवशी कोरफड. त्यानं खाज सुटली. प्रत्येक उपायानंतर वन्सं म्हणायच्या, ‘‘गुन यायला येळ लागतो.’’

नवराही मागे राहिला नाही. हा माणूस तीस वर्षं घोडेगावच्या बाजारात जनावरं पारखत आलाय. त्याचा ठाम सिद्धान्त असा, की कातडी चकचकीत असली की जनावर आतून ठणठणीत. बाजारातून आल्यावर त्यानं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, नीट पाहिलं, आणि खिशातून एक ट्यूब काढली. गाईच्या सडांना भेगा पडल्या की लावायचं मलम.

‘‘तीन दिवसांत गुण येतो,’’ तो म्हणाला.

‘‘मी काय गाय आहे?’’

‘‘गाय असतीस तर एवढी बोलली नसतीस.’’

शेवटी मी नगरला जाऊन डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला. तोंडाला साबण बंद, कढत पाणी बंद, बेसन-लिंबू तर बंदच बंद. कोमट पाण्यानं तोंड धुवायचं, हळूच टिपायचं आणि ओलसर असतानाच हे साधं पांढरं मलम लावायचं, दिवसातून दोनदा. इतकं सोपं औषध ऐकून मला जरा अपमानच वाटला.

पण मलम होतं बरणीत आणि बरणीला होतं फिरकीचं झाकण. ज्यानं कुणी संधिवाताच्या बाईला फिरकीच्या झाकणाचं मलम लिहून द्यायचा शोध लावला, त्याला एकदा माझ्या हातांनी ते उघडायला लावलं पाहिजे. सकाळी सहाला माझी मूठ उघडत नाही, तिथं झाकण कुठलं उघडणार! हे उघडून द्यायचे, आणि मग तितक्याच जोरानं परत घट्ट लावायचे.

‘‘अहो, सैल ठेवा ना!’’

‘‘मुंग्या लागतील.’’

‘‘मलमाला?’’

‘‘मुंग्यांचा काय भरवसा?’’

मग मी सगळं मलम मिसळणाच्या डब्यातल्या हळदीच्या वाटीत काढून घेतलं. वाटी धुतली होती, तरी पहिले चार दिवस मी पिवळी दिसत होते. दूध न्यायला आलेल्या शेजारणीनं विचारलं, ‘‘हळद नवरीच्या आधी नवरीच्या आईलाच लागली का काय?’’

मलम सुरू झालं त्याच आठवड्यात वन्संनी शोध लावला. माझ्या गोळ्यांची पट्टी त्यांनी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली, जणू विंचू धरलाय.

‘‘ह्याच त्या! वैनी, ह्या लई गरम असत्यात. अंगातलं पानी आटवत्यात. मग तोंड सुकंल न्हाई तर काय हुईल?’’

आमच्याकडे जगातल्या निम्म्या गोष्टी गरम पडतात. पपई गरम, अंडं गरम, गूळ गरम, बाजरी गरम. पण उष्णतेचा खरा राग आहे तो गोळ्यांवर. मी म्हणाले, ‘‘वन्सं, डॉक्टरांनी चुकवू नका म्हणून सांगितलंय.’’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘आठवड्यातून येकदाच घ्यायची गोळी कसली गरजेची? गरजेची असती तर रोज दिली नसती का? लग्नापुरती बंद करा. मग हायच की सारं आयुष्य गोळ्या खायाला.’’

आता माझं ऐका. मी तीस वर्षं अंगणवाडीत काम केलं. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या वाटल्या. त्या बायका मला हेच सांगायच्या, ‘‘ताई, गरम पडत्यात,’’ आणि गोळ्या उकिरड्यावर टाकायच्या. मी त्यांना काय काय बोललेय! एकीच्या सासूला तर मी चारचौघींत अडाणी म्हणाले होते. आणि तीच मी त्या रविवारी आरशापुढे बसले, गालाचा पापुद्रा नखानं उचलला आणि गोळी परत पट्टीशेजारी ठेवून दिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या रविवारी मला काहीही झालं नाही, हेच वाईट झालं.

लेक पुण्याला नोकरीला होती. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘आई, गोळी?’’ त्या दिवशी मी म्हणाले, ‘‘घेतली.’’ पहिल्यांदा जीभ जरा अडखळली. पुढच्या रविवारी अडखळली नाही.

तीन आठवड्यांत तोंड सुधारलं. पापुद्रे गेले, भेगा भरल्या, गाल मऊ झाले. झालं होतं ते मलमानं आणि साबण सोडल्यानं, पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. वन्संनी फोनवरून मिरजगावपर्यंत बातमी पोचवली, ‘‘गोळी बंद केली अन् तोंड उजाळलं!’’ बायका येऊन माझ्या गालाला हात लावून जायला लागल्या. ह्यांनीसुद्धा एकदा गोठ्यातून मान वर करून ‘‘ब्येस!’’ म्हटलं, जे ते फक्त चांगल्या कालवडीला म्हणतात. आणि मीही फुगले हो! खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षांत माझ्या तोंडाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात बोटं बोलायला लागली. सकाळचा दीड तास दुपारच्या जेवणापर्यंत लांबला. मनगटं सुजली. भाकरी थापायचं काम मी शेजारणीवर ढकललं आणि कारण सांगितलं की लग्नघरात मला वेळ नाही. मोरीतला सराव बंद पडला. एकदा हट्टानं तांब्या उचलला तो हातातून सुटला आणि त्याला पोचा पडला. आवाज ऐकून हे धावत आले, तर मी मांजरावर ढकललं. मग घाबरून गोळी गुपचूप परत सुरू केली, पण ती गोळी काय बैल आहे, दावं ओढलं की यायला? तिला गुण द्यायला आठवडे लागतात, हे मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता त्यांना फोन करायची मला लाज वाटली.

लग्नाच्या दिवशी वन्संनी स्वतः माझं तोंड धुतलं, मलम लावलं, पावडर लावली. कार्यालयात शिरल्यापासून लोक माझ्याकडे बघत होते. मी साडीच्या पदरात दोन्ही मुठी लपवल्या होत्या.

कन्यादानाला भटजींनी झारी माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला. बोटं कडीभोवती वळेनात. दुसऱ्या हातानं खालून आधार दिला तर झारी कलंडली आणि पाणी ह्यांच्या बाहीवर सांडलं. माझे डोळे भरून आले. भटजी थांबले. वन्सं लगेच पुढे सरकल्या, ‘‘द्या, मी सोडते.’’ भटजी मला म्हणाले, ‘‘तुम्ही त्यांच्या कोपराला हात लावून उभ्या राहा. चालतं.’’ आपल्याकडे शेवटी सगळंच चालतं. मी माझी मूठ वन्संच्या कोपराला टेकवली. वन्संनी धार सोडली आणि ती जराही तुटली नाही. फोटोवाला ओरडला, ‘‘मावशी, इकडं बघा! वा, एक नंबर!’’ मी त्याच्याकडे बघितलं. लेक माझ्या मुठीकडे बघत होती.

पाठवणीच्या वेळी विहीणबाई जवळ आल्या. भल्या बाई, मनापासून म्हणाल्या, ‘‘तोंडावर काय तेज आहे हो तुमच्या! काय लावता?’’

मी तोंड उघडायच्या आत वन्सं बोलल्या, ‘‘काई लावत न्हाईत. गोळ्या बंद केल्या फक्त, दीड महिना हुईल. गरम पडत हुत्या.’’

लेक माझ्या पाया पडायला वाकली होती. ती तशीच सरळ झाली.

‘‘दीड महिना?’’

मी मूठ पदरात आणखी आत ओढली.

‘‘दर रविवारी मी विचारत होते, आई.’’

‘‘अगं, फोटोत चांगलं दिसावं म्हणून...’’ मी म्हणाले, आणि ते वाक्य माझ्याच कानाला फालतू लागलं.

तिनं माझी उजवी मूठ आपल्या मेंदीच्या हातांत घेतली आणि एकेक बोट उघडायचा प्रयत्न केला. दुखत होतं. बोटं उघडली नाहीत.

‘‘माझ्या लग्नात तुझं तोंड कोण बघणार होतं गं?’’ ती म्हणाली. ‘‘मला तुझ्या हातचं पाणी हवं होतं.’’

आणि ती ढसाढसा रडायला लागली. बायका म्हणाल्या, नवरी रडतेच, माहेर सुटतं. वन्संनीही डोळ्याला पदर लावला.

आता माझी बोटं बरी आहेत, तोंडही बरं आहे, रविवारची गोळी चुकत नाही. लेकीचा फोन अजून दर रविवारी दुपारी येतो. आधी इकडचं तिकडचं बोलते, जेवलीस का विचारते, आणि मग म्हणते, ‘‘पप्पांना फोन दे.’’ मी फोन देते आणि तिथंच उभी राहते. आमच्या ह्यांना फोनवर मोठ्यानं बोलायची सवय आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

‘‘हो, घेतली,’’ ते म्हणतात. ‘‘हो, माझ्या डोळ्यांदेखत.’’