अठरा इंची की वीस इंची

नव्या विजेच्या गाडीला चाकं कोणती घ्यायची, यावर भोरच्या आमच्या घरात आठवडाभर वाद चालला. नवऱ्याला वीस इंची हवी होती. गाडी वेगाची, वळणावर पकड चांगली आणि दिसायला रुबाब. मला अठरा इंची हवी होती. माझं कारण आतल्या खोलीत झोपून होतं.

आबांनी, माझ्या वडिलांनी, वेल्ह्याच्या डोंगरातल्या वस्तीवर जन्मभर मेंढरं राखली. मणक्यात गाठ निघाली तेव्हा मी त्यांना भोरला आणलं. उपचार थांबले आणि त्यांनी एकच मागितलं: घरी न्या. जुन्या गाडीतून एकदा निघालो होतो. पहिल्याच खड्ड्यात पाठीतून पायांत कळ गेली आणि ते असे ओरडले की तिथूनच परत फिरलो.

आमचा वाद ऐकून त्यांनी आतूनच निकाल दिला. "पाव्हणं म्हणत्यात तेच घ्या. चाक मोठं असलं की खड्डा कळत न्हाई. बैलगाडी बघितली न्हाईस व्हय?"

"आबा, हितं उलटं आहे. बाहेरून दोन्ही चाकं सारखीच उंच. आतली रिम मोठी घेतली की भोवतीचं रबर पातळ होतं."

"म्हंजे हाडं मोठी अन् मास कमी? माझ्यावानी झालं की!" ते हसले. "मऊच घे बाय."

"मामा, बाजू बदललीत," नवरा म्हणाला.

"जावयाच्या बाजूनं बोलून कुणाचं भलं झालंय?"

अठरा इंची घेतली. गाडी आली त्याच आठवड्यात निघालो. औषधं, उशा, चादरी, पाणी, सगळं यादीप्रमाणे भरलं. आबांना उचलूनच मागे बसवलं. कापूरहोळला हवा तपासून घेतली. नसरापुरातून वेल्ह्याकडे वळल्यावर प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून पाहत होते. आबा ओरडले नाहीत. उलट बोलायला लागले, कुणाच्या शेतात मेंढरं बसवायचे, कोण भाकरी द्यायचं, कोण नुसतंच गोड बोलायचं.

"पाव्हणं, लई झ्याक चाकं. कायबी कळत न्हाई."

"तुझंच बरोबर होतं," नवरा मला म्हणाला. त्या रस्त्यावर मी कित्येक महिन्यांनी सुखाने हसले.

वस्तीवर पोचून मागचं दार उघडलं. आबांचा उजवा पाय सीटखाली मुडपून अडकला होता. चप्पल निसटली होती, अंगठा सोलून रक्त आलं होतं. ते समोरच्या डोंगराकडे बघत होते. मी अंगठा दाबला. मग जोरात दाबला. त्यांनी मान वळवली नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं: पायांतली जाणीव गेली तर गाठ पुढे सरकली असं समजा, मग फार दिवस नाहीत.

"काय शोधतीस खाली?"

"चप्पल, आबा."

"ऱ्हाऊ दे ती. आता दुखत न्हाई," ते म्हणाले आणि आधाराला हात पुढे केला. "घरात चालतच जातो."