डबा उघडल्यावर

बंगळुरूजवळच्या होसकोट्याच्या आमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारे ख्रिस्ती गृहस्थ दुपारी जेवणाचा डबा उघडला की डोळे मिटून देवाचे आभार मानतात. "अण्णा, देव दिसतो का हो?" मी एकदा विचारलं.

"स्वल्पही नाही," ते आपल्या कानडी वळणाच्या मराठीत हसून म्हणाले. "डोळे मिटल्यावर दिसणार काय? पण समोर कोण आहे ते ठाऊक असतं."

परवा त्यांच्या मुलीच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. प्रार्थना चालू असतानाच बायकोचा इस्पितळातून फोन आला. प्रार्थना पुरी करूनच त्यांनी तो घेतला. गाठ साधी निघाली.

"बातमी कळण्याआधीच आभार कसले मानलेत?"

"वाईट असती, तर नंतर मानता आले नसते."

देवाला ओळखणारा माणूस स्वतःच्याच श्रद्धेबद्दल असं का बोलतो, ते मला अजून उमगलेलं नाही.