काड्या विरुद्ध सुपाऱ्या

फ्रान्समधल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा मी ठाण्यात बसून विचका केला. एका सज्जन माणसाला पोर्तुगिजांचा हेर समजलो आणि त्याच्या रेडिओची तार झाडावरून सोडवली.

गोव्याच्या सत्याग्रहाचे ते दिवस. मी ठाण्यात आत्याकडे राहायचो. तिच्या मागच्या दोन खोल्यांत एक फ्रेंच इंजिनिअर भाड्याने राहायला आलेला, कोलशेतच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला. तो तिची आमटी भुरके मारून प्यायचा, म्हणून आत्या त्याच्यावर खूश. मला नेमका त्याचाच संशय! आत्या आमटीत मिरची किती घालते ते मी जाणतो. परका माणूस ती हसत पितो, म्हणजे त्याला तसं शिकवूनच पाठवलेलं असणार. पाँडिचेरी नुकतीच फ्रेंचांच्या हातची गेलेली, तेव्हा हे लोक आतून पोर्तुगिजांना सामील, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं.

मग त्याने शेवग्याला तांब्याची तार बांधली. रविवारी संध्याकाळी मला कुणी हाक मारू नका, म्हणाला. का, विचारलं तर ओठांवर बोट. "रविवारीही कामावर बोलावलंय. कारखान्यात सांगितलंय, ताप आहे."

मी आत्याला गाठलं. "धडधाकट माणूस तापाचं सोंग का करतो?"

"तू शाळेत असताना का करायचास?"

रविवारी दिवे लागल्यावर मी त्याच्या खिडकीखाली जाऊन बसलो. डासांनी फोडून काढलं, पण हललो नाही. आत टेबलावर अकरा काड्या, त्यांच्यासमोर आत्याच्या डब्यातल्या अकरा सुपाऱ्या. छावण्या! रेडिओतला माणूस तर श्वासही न घेता बोलत होता. आम्हाला समालोचन ठाऊक ते क्रिकेटचं: एक चेंडू, मग हवापाणी, मैदानावरच्या घारी, टाळ्या, आणि सावकाश दुसरा चेंडू. एवढ्या घाईने सांगण्यासारखं जगात युद्धच असणार. तेवढ्यात इंजिनिअरने एक काडी सुपाऱ्यांच्या गोटात घुसवली आणि आरोळी ठोकली.

मी धावलो, शेवग्यावर चढलो आणि तार सोडवली. शेवग्याची फांदी ठिसूळ असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला ते ती मोडल्यावर आठवलं.

इंजिनिअर गंजीफ्रॉकवर बाहेर आला. मी जमिनीवर, तार माझ्या हातात. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने दोन्ही हातांचं एकेक बोट वर केलं. "एक-एक झालंय. शेवटची काही मिनिटं राहिलीत."

"कसली?"

"फुटबॉलची! फ्रान्सचा कप! माझ्या गावाचा क्लब आहे. मागच्या वेळी आम्ही इथवर पोचलो तेव्हा मी बापाच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं."

मी कंबर धरून उठलो. दोघांनी मिळून तार न्हाणीघराच्या पत्र्याला बांधली. खरखर, शिट्ट्या, पुन्हा खरखर. शेवटी ते केंद्र लागलं, तर एक बाई गात होती. सामना संपलेला. कप कुणी नेला ते सांगायला ती काही थांबली नाही. तो बराच वेळ बटण फिरवत राहिला.

आत्या दारात उभी होती. मी तिला तार, ताप, छावण्या, देशाची सुरक्षितता असं सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि असता जरी हेर," ती म्हणाली, "तरी तुझ्याकडून त्याला कळण्यासारखं होतं काय रे?"