खाऱ्या समुद्राशेजारची विहीर

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. पन्नास वर्षं होत आली — पोरं मोठी झाली, नोकरी संपली — आणि ही गोष्ट ओठापर्यंत यायची अन् माघारी फिरायची. आज तुम्हाला सांगतो. आजच का? मलाही ठाऊक नाही.

माझा बा झरी गावचा. विहिरी खोदायचा. पंचक्रोशीतल्या कितीतरी विहिरी त्याच्या हातच्या, आणि त्यांतल्या एकीवरही आम्हाला पोहरा टाकता यायचा नाही. कुणीतरी वरून धार धरायची, आपण खाली ओंजळ लावायची — ही रीत. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, त्या दिवशी बानं ओंजळ सोडली. "तहानेनं मरीन, पन ओंजळीनं पिनार न्हाई." मग दिवसभर दुसऱ्याच्या विहिरीत खपायचा आणि घरून नेलेल्या मडक्यातलं पाणी प्यायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी गंगाखेडला मास्तर होतो. पहिलीच मोठी सुट्टी. बाला घेऊन एसटीनं रत्नागिरीला गेलो. हौस त्याची नव्हती, माझी होती — शाळेत सांगायला मला समुद्र हवा होता.

बानं थोडा वेळ लाटा बघितल्या आणि म्हणाला, "एवढं पानी, पन कामाचं न्हाई. मंग हितली मानसं पितेत काय?" झालं! लोक किल्ला बघतात, आम्ही तीन दिवस विहिरी बघत हिंडलो. माडांमागच्या पायवाटा, कोळ्यांची घरं, परका माणूस फिरकत नाही असे बोळ. ऊन असं की डोळे उघडवेनात. बा प्रत्येक विहिरीत वाकायचा, लाल चिऱ्याचं बांधकाम हातानं चाचपायचा. इतका खुश मी त्याला कधी बघितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी वाळूला लागूनच एक घर दिसलं, अंगणात विहीर. बा विहिरीकडे गेला. ओटीवरच्या म्हाताऱ्यानं मला हाक मारली, खुर्ची दिली, सरबत सांगितलं. मग विचारलं — कुठचे तुम्ही? आडनाव काय?

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? फार तर उठवलं असतं. पण अंगात इस्त्रीचा सदरा होता, बुडाखाली खुर्ची होती, आणि मला ती सोडवेना. मी आमच्या गावच्या मालकांचं आडनाव सांगितलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

तेवढ्यात बा आला. घामेजलेला, धोतर वर खोचलेलं.

"आणि हा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आमचा गडी."

हेच ते. मी माझ्या बापाला गडी म्हणालो.

बानं ऐकलं. माझ्याकडे एकदाच बघितलं. राग? नाही हो, रागावला असता तर बरं झालं असतं! पोरगं अडचणीत आलंय, एवढंच त्याला कळलं असावं. तो ओटीखाली उकिडवा बसला. घरातल्या बाईनं तांब्या आणून वरून धार धरली, आणि अठरा वर्षं न लावलेली ओंजळ बानं माझ्यासाठी लावली. प्यायला. मिशा पुसल्या. म्हणाला, "पानी लय गोड हाय, मालक."

मालक! मला.

परतताना तो माझ्या मागं दहा पावलं चालला. मी थांबलो की थांबायचा. बोळ संपला, घर दिसेनासं झालं, तरी पुढं येईना. वळून नुसतं "बा" म्हणायचं होतं. नाही म्हणालो — रस्त्यावर कुणी ऐकलं तर?

झरीला आल्यावर तो भेटेल त्याला सांगायचा, "लेकानं समिंदर दावला. लय माया हाय त्याची." मी शेजारी उभा असायचो. विहिरींचं मात्र अवाक्षर नाही — पाहिलेल्या प्रत्येक विहिरीच्या पाण्याची चव सांगणारा माणूस! त्यानंतर अकरा वर्षं जगला. त्या अकरा वर्षांत मी एकदाही तोंड उघडलं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. बा खाली ओंजळीनं पीत होता तेव्हा माझ्या हातात कोकमाच्या सरबताचा काचेचा पेला होता. सरबत छान होतं. मी आणखी एक पेला मागून घेतला.